‘जड तर आहेच की!’ : लिम्फेडिमा, शिथिलीकरण आणि लालबागच्या एका काकूंचं प्रकरण

रुग्ण स्त्री, वय ५४, राहणार लालबाग. व्यवसाय घरगुती शिवणकाम, मुख्यतः ब्लाउज. उजव्या स्तनाच्या कर्करोगासाठी २०२१ च्या सुरुवातीला स्तन काढण्याची शस्त्रक्रिया, त्याच वेळी उजव्या काखेतल्या लसिकेच्या गाठीही काढल्या (लसिका म्हणजे शरीराच्या भागांतून नळ्यांवाटे परत नेलं जाणारं पाणी). त्यानंतर केमो आणि रेडिएशन, आता रोजची हार्मोन रोखणारी गोळी. उजव्या हाताला साधारण वर्षभरापासून सूज. ही सूज म्हणजे लिम्फेडिमा, लसिका साचून येणारी. ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे काकू म्हणते, दवाखान्यातही तेच म्हणायचे.

काकू माझ्याकडे आल्या त्या २०२३ च्या जूनअखेर. पाऊस नुकताच लागला होता. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायका हात घेऊन येतात. म्हणजे शब्दशः, एका हातानं दुसरा हात तान्ह्या बाळासारखा उचलून धरलेला. काकूंचंही तसंच. उजवा खांदा कानाला टेकायला चार बोटं बाकी. बसल्यावर पर्समधून त्यांनी आधी फाइल काढली नाही, शिवणाची टेप काढली. मग एक वही. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही, जिच्यात छाती, कंबर, मुंढा, बाही असे रकाने असतात. शेवटच्या पानांवर फक्त बाहीची मापं होती, दिवसाला पाच-पाच, सहा-सहा. सकाळी उठल्यावर, आंघोळीनंतर, दुपारी जेवून, मशीनवरून उठल्यावर. पानाच्या वर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘मी’.

मापं बरोबर होती, माझ्यापेक्षा सुबक. पण दिवसाला सहा वेळा माप घेणाऱ्या माणसाला झोप कशी लागणार, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मी सूज बघत होते.

सूज अशी होती : कोपराच्या वर १० सेंटीमीटरवर डावा दंड २८.५, उजवा ३३. कोपराखाली डावा हात २३.५, उजवा २७. बोटानं दाबलं की खळगा पडत होता. रात्रभर हात उशीवर ठेवून सकाळी थोडा उतार पडायचा, पण पूर्ण नाही, आणि दंडाच्या आतल्या बाजूची कातडी जराशी कडक लागत होती. म्हणजे पहिला टप्पा ओलांडून दुसऱ्यात पाय टाकलेला. पहिल्या टप्प्यात हात वर ठेवला तरी सूज उतरते, दुसऱ्यात नुसत्या त्यानं भागत नाही.

कसं झालं, याची गोष्ट शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बाबतीत अगदी साधी आहे. काखेतल्या गाठी काढल्या, त्यावर रेडिएशन झालं, की हातातून लसिका परत नेणारे रस्ते कमी होतात. काखेच्या गाठी पूर्ण साफ केलेल्या बायकांत साधारण पाचांपैकी एकीला पुढे कधी ना कधी लिम्फेडिमा होतो. पहिल्या एक-दोनच गाठी तपासायला काढल्या तर हा धोका बराच कमी असतो. काकूंच्या सतरा काढल्या होत्या. तरी वर्षभर हात ठीक होता. मग एका दुपारी हूक लावताना सुई तर्जनीत गेली. रात्री हुडहुडी, ताप, सकाळी हात लालभडक आणि गरम. त्वचेखालचा जंतुसंसर्ग. अँटिबायोटिकनं ताप गेला, लाली गेली, सूज मात्र राहिली. उरलेल्या थोड्याशा नळ्यांवर त्या एका तापानं फार भार पडला होता.

माझ्याकडे पाठवण्याआधी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि शिरांतला रक्तप्रवाह बघणारं डॉपलर करून घेतलं होतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाचा हात नव्यानं सुजत असेल, तर हे आधी. आजार परत आलेला नाही ना, शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे बघितल्याशिवाय हातावर पट्ट्या बांधू नयेत.

पट्ट्या

लिम्फेडिमाचे उपचार ठरलेले आहेत आणि त्यात फार कलाकुसर नाही. कातडीची काळजी, हलका लसिका निचरा मसाज, थरांवर थर पट्ट्या, पट्ट्या बांधलेल्या असताना व्यायाम, आणि सूज उतरली की मापाची स्लीव्ह, म्हणजे हात आवळून धरणारी लवचिक बाही. पट्ट्या औषधाच्या दुकानातल्या नेहमीच्या क्रेप बँडेजच्या नव्हेत. त्या खूप ताणल्या जातात आणि हात स्वस्थ असतानाही आवळत राहतात. इथे लागतात त्या कमी ताणल्या जाणाऱ्या, म्हणजे हात हलला की आतून स्नायू त्यांच्यावर आपटतो आणि पाणी पुढे ढकललं जातं.

जुलैत तीन आठवडे आम्ही रोज पट्ट्या बांधायचं ठरवलं. चौथ्या दिवशी काकू आल्या त्या पट्ट्या पिशवीत घेऊन. रात्री दोन वाजता काढल्या होत्या. “जीव घाबरा होतो मॅडम. छातीत धडधडतं. वाटतं, हात आत मरतोय.” मी बोटांचा रंग, उबदारपणा, मुंग्या सगळं तपासलं. पट्टी घट्ट नव्हती. पाचव्या दिवशीही तेच. सहाव्या दिवशी सूनबाई सोबत आली आणि म्हणाली, “आई रात्री बसूनच असतात. हात धरून.”

आता मला झोपेचं विचारावं लागलं. चार तास, तेही तुकड्यातुकड्यांत. श्वास बघितला तर छातीच्या वरच्या भागात, आणि उजवी बाजू हलतच नव्हती. जखमेचा व्रण आणि रेडिएशननं आक्रसलेली कातडी ओढली जाते म्हणून त्या बाजूनं श्वास घ्यायचंच शरीरानं सोडलं होतं. खांद्याच्या वरचा स्नायू दगडासारखा. हात जड म्हणून खांदा उचलून धरायचा, खांदा धरून धरून दुखायचा, दुखतं म्हणून आणखी धरायचा. सुजेचं वजन फार तर अर्धा-पाऊण किलो, पण ते चोवीस तास उचलून धरलं तर माणूस मोडतो.

म्हणून शिथिलीकरण, म्हणजे शरीर सैल सोडायचा सराव, आलं. ते सूज उतरवायला आलं नव्हतं, पट्टी रात्रभर टिकावी म्हणून आलं होतं. हा फरक मी काकूंना सांगितला आणि इथेही लिहून ठेवते. नुसतं डोळे मिटून पडल्यानं दंडाचा घेर कमी होत नाही. पण ज्या बाईला पट्टी सहन होत नाही तिचा घेर पट्टीनंही कमी होत नाही.

मी काय चुकवलं

माझ्या मोबाइलमध्ये एक मराठी रेकॉर्डिंग होतं, बऱ्याच रुग्णांना देत आले होते. काकूंना टेबलावर झोपवलं, दिवा मंद केला, रेकॉर्डिंग लावलं. “तुमचा उजवा हात जड होत आहे... आणखी जड... उजवा हात गरम होत आहे...”

काकू उठून बसल्या. रडल्या नाहीत, चिडल्या. “जड तर आहेच की! तेच घालवायला आलेय ना मी?”

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. ‘जड, गरम’ हे शब्द येतात जर्मन डॉक्टर योहानेस शुल्ट्झ यांच्या पद्धतीतून. १९३२ मध्ये त्यांनी ती मांडली. तिचं पहिलं सूत्र हात जड असल्याचं, दुसरं हात उबदार असल्याचं. स्नायू सैल सुटला की तो खरंच जड वाटतो आणि रक्त आल्यानं ऊब येते, म्हणून साध्या माणसाला ते चालतं. पण ज्या हाताचं जडपण हीच तक्रार आहे, आणि ज्या हातात मागच्या वर्षी आलेली ऊब म्हणजे तापाची रात्र होती, त्या हाताला हेच दोन शब्द ऐकवायचे? आपल्याकडच्या योगनिद्रेच्या बऱ्याच रेकॉर्डिंगांतही ‘जड’ शब्द येतोच. त्या दिवसापासून मी लिम्फेडिमाच्या कुठल्याही रुग्णाला तयार रेकॉर्डिंग आधी स्वतः पूर्ण ऐकल्याशिवाय देत नाही.

दुसरी पद्धत, एडमंड जेकबसन यांची, १९२० च्या दशकातली. एकेक स्नायूगट काही सेकंद आवळायचा आणि सोडायचा. ही काकूंना पटली, कारण तिच्यात काहीतरी करायला होतं. फक्त क्रम बदलला. पाय, पोट, डावा हात, जबडा, आणि उजवा हात सगळ्यात शेवटी. उजवी मूठ जोरात आवळून धरायची नाही, पट्टी असताना हलकीशी मिटायची आणि उघडायची. तेवढ्यानं पट्टीच्या आत स्नायूचा पंपही चालतो. पट्टी किंवा स्लीव्ह नसेल तेव्हा तर नुसतं लक्ष न्यायचं, आवळायचं नाही.

शब्द मात्र काकूंनीच दिले. मी ‘खांदा सैल सोडा’ म्हटलं की खांदा आणखी वर जायचा. एकदा त्याच म्हणाल्या, “मशीनचं टेन्शन जास्त झालं की दोरा तुटतो, नाहीतर कापड गोळा होतं. तेव्हा स्क्रू अर्धा फेरा सोडायचा. पूर्ण सोडला तर टाकाच बसत नाही.” झालं. आमचं नवं रेकॉर्डिंग सूनबाईच्या मोबाइलवर, माझ्या आवाजात, नऊ मिनिटांचं : डाव्या खांद्याचा स्क्रू अर्धा फेरा. जबड्याचा अर्धा फेरा. उजवा खांदा कानापासून खाली, अर्धाच. हात उशीनं धरलाय, तुम्ही धरायचा नाही.

ते शेवटचं वाक्य त्यांना सगळ्यात उपयोगी पडलं असं त्या नंतर म्हणाल्या. उशी कुठे ठेवायची हे म्हणूनच महत्त्वाचं. पाठीवर झोपून हात शरीरापासून जरा लांब, खांद्यापासून बोटांपर्यंत पूर्ण आधार, हात छातीच्या पातळीपेक्षा थोडा वर. नेहमीच्या शवासनात हात जमिनीवर टाकतात, तिथे सुजलेल्या हाताचा दंड आणि खांदा अधांतरी राहतो आणि स्नायू काही सुटत नाही. डोक्यावर हात ताणून ठेवायचाही नाही.

श्वासाचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे आराम आणि निचरा दोन्ही एकत्र येतात. लसिकेला हृदयासारखा मोठा पंप नाही. नळ्यांच्या भिंती स्वतः थोड्या आकुंचन पावतात, आजूबाजूचे स्नायू हलले की त्या दाबल्या जातात, आणि आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होऊन मानेच्या मुळाशी ओढ तयार होते. तिथेच या नळ्या मोठ्या शिरांत रिकाम्या होतात. उजव्या हाताची नळी उजवीकडे, आखूड. बाकी बहुतेक शरीराची डावीकडे, लांब. पोट फुगवून घेतलेला सावकाश श्वास या ओढीला मदत करतो. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या अभ्यासात हाताचे हलके व्यायाम आणि खोल श्वास अशा दहा मिनिटांनी हाताचं आकारमान थोडं, पण मोजता येईल इतकं कमी झालेलं दिसलं होतं. थोडंच. मी काकूंना ‘थोडं’ यावर दोनदा जोर देऊन सांगितलं, कारण चाळीत कुणीतरी ‘कपालभातीनं सगळी सूज जाते’ असं सांगून ठेवलं होतं. जोरजोरात श्वास फेकताना त्यांचा व्रण ओढला जात होता, म्हणून ती आम्ही बाजूला ठेवली. श्वास रोखूनही धरायचा नाही. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, एक तळहात उजव्या बरगडीवर.

दहा बाय पंधराच्या खोलीत शांत जागा

‘शांत, एकांत जागी बसा’ असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. काकूंच्या खोलीत पाच माणसं, पहाटे साडेपाचला पाणी, दिवसभर गिऱ्हाइकं आणि समोरच्या मंडळाचा स्पीकर. बेस्टमधून निवृत्त झालेले काका दुपारी टीव्ही लावून झोपतात आणि टीव्ही बंद केला की जागे होतात. आधी आम्ही पोटमाळ्याचं ठरवलं. तिथे उकाडा. पत्र्याखालच्या उकाड्यात सुजलेला हात घेऊन पडणं म्हणजे सूज वाढवणंच, कारण उष्णतेनं कातडीकडे रक्त जास्त येतं आणि निचरा करायचं पाणीही वाढतं. गरम पाण्याची पिशवी, वाफ, कडक गरम पाण्याची आंघोळ या हाताला वर्ज्य, त्याच कारणानं.

शेवटी काकूंनी स्वतःच जागा शोधली : शिलाई मशीन. पायानं चालवायचं जुनं मशीन, लाकडी फळीचं. काम संपलं की पट्टा उतरवायचा, उजवा हात फळीवर उशी ठेवून तिच्यावर, आणि पायडल हळूहळू हलवायचं. पुढे गेलं की श्वास आत, मागे आलं की बाहेर. एरवी त्या आवाजात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे टीव्ही, स्पीकर, काका सगळे त्या आवाजामागे जायचे. घरच्यांनाही वाटायचं बाई कामात आहे, कुणी हाक मारायचं नाही. मी हे कुठे वाचलं नव्हतं, शिकवलंही नव्हतं. आता दोन-तीन जणींना सांगितलंय, पण त्यांच्याकडे इलेक्ट्रिक मशीन निघालं.

सुईचं भय वेगळं होतं. ते नुसत्या श्वासानं जाणार नव्हतं, जायलाही नको होतं. अंगुस्तान घालायचं, टोचलंच तर साबणानं धुऊन जंतुनाशक लावायचं, आणि लाली, गरमपणा, थंडी वाजून ताप यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, त्या दिवशी पट्टी नाही, मसाज नाही. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मशीनच्या खणात ठेवलं. कागद आत गेल्यावर डोक्यातली भीती थोडी कमी झाली असावी, कारण त्यानंतर ‘टोचलं तर?’ हा प्रश्न मला आला नाही.

उलट दिशेची भीतीही होती. “काही उचलू नका” असं कुणीतरी सांगितल्यापासून त्या कळशी सोडा, कात्रीसुद्धा डाव्या हातात घ्यायच्या. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामानं लिम्फेडिमा बिघडला नाही, उलट सूज भडकण्याचे प्रसंग कमी झाले. मी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीनं सुरुवात करून दिली, स्लीव्ह घालून.

पट्ट्या तिसऱ्या आठवड्यात रात्रभर राहू लागल्या. महिनाअखेर दंड ३०.८, कोपराखाली २५.२. स्लीव्ह मापून दिली.

ऑगस्टमध्ये घोळ झाला. ओळखीच्या एका मालिशवाल्या बाईंनी ‘रिलॅक्स’ करून देते म्हणून कोमट तिळाच्या तेलानं हात रगडून दिला, खालपासून वर, दोन्ही हातांनी पिळून. काकूंना फार छान वाटलं, पट्कन झोपही लागली. दुसऱ्या दिवशी दंड ३२. मी रागावले नाही, कारण ‘छान वाटलं’ हे खोटं नव्हतं. लसिकेचा मसाज इतका हलका असतो की पहिल्यांदा करून घेणारीला फसवल्यासारखं वाटतं. कातडी नुसती सरकवायची, खालचा स्नायू दाबायचा नाही, आणि सुरुवात हातापासून नव्हे तर मानेपासून, आधी पुढचा रस्ता मोकळा करायचा. चार दिवस पुन्हा पट्ट्या. मालिशवाल्या बाईंना पाय आणि पाठ देऊन टाकले. हाताला हात लावायचा नाही, या अटीवर.

१९ सप्टेंबरला गणपती बसले. लालबागमध्ये त्या दिवसांत कुणाला रिलॅक्स व्हायला सांगणं म्हणजे विनोदच. ब्लाउजची गर्दी, पाहुणे, रांगा, ढोल. नऊ मिनिटांचं रेकॉर्डिंग दहा दिवस लागलंच नाही. एका रुग्णावरून नियम काढू नये, पण या दहा दिवसांनी मला काही दाखवलं. घेर जवळजवळ तसाच राहिला, अर्धा सेंटीमीटर वर. ‘जडपणा’, जो शून्य ते दहामध्ये जूनअखेर आठ होता आणि चारवर आला होता, तो पुन्हा सातवर. झोप पुन्हा चार तास. स्लीव्ह दुपारनंतर काढून टाकलेली. म्हणजे सूज जागची फारशी हलली नव्हती, हात मात्र जड झाला होता. सूज आणि जडपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पंधरा वर्षं सांगत आले होते. या वेळी आकड्यांत दिसलं.

त्याच दिवसांत दर्शनाला आलेल्या एका बाईंनी विचारलं होतं, “हत्तीरोग झालाय का हो?” काकूंनी हे मला ऑक्टोबरात सांगितलं, सहज, पिन लावता लावता. हत्तीरोग डासामार्फत येणाऱ्या जंतांनी होतो, हा त्यातला नाही, संसर्गही नाही. ते त्यांनी त्या बाईंना सांगितलं का, मी विचारलं. “नाही. म्हटलं, बाही बिघडलीय, उसवायला टाकलीय.”

राहता राहिली वही. सुरुवातीला मी माप घेणंच बंद करा म्हटलं होतं. ते जमणारच नव्हतं, टेप त्यांच्या गळ्यात असते. मग ठरलं : रविवार, सकाळी, चहाच्या आधी, दोनच जागी. बाकी दिवशी हात टेपकडे गेला की पायडल. पहिल्या आठवड्यात अकरा नोंदी, दुसऱ्यात सात, मग चार. नवरात्रात एक. दिवाळीच्या आठवड्यात एकही नाही, विसरल्या.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नव्या स्लीव्हच्या मापाला आल्या. दंड ३०.४, कोपराखाली २५. झोप सहा तास, जडपणा तीन ते चार. खांदा कानापासून हातभर नाही, पण माणसासारखा लांब. मी दुसऱ्यांदा खात्री करायला टेप लावली तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, बोटांत ताणून बघितली, आपली टेप शेजारी धरली.

“मॅडम, तुमची टेप ढिली झालीय. इथे तीस म्हणते तिथे माझी साडेतीस म्हणतेय. तुमच्या टेपनं मी उगाच बारीक होते.”

जूनपासूनची सगळी मापं त्याच टेपनं घेतली होती, त्यामुळे फरक खराच होता. पण स्लीव्हचं माप पुन्हा घेतलं, त्यांच्या टेपनं, आणि संध्याकाळी दादरहून नवी टेप आणली.